पात्यावरची नक्षी आणि पात्याचा कस

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

दमास्कस सुऱ्या, म्हणजे वेगवेगळ्या पोलादांचे थर जोडून पात्यावर नक्षी आणलेल्या सुऱ्या. त्यांच्याविषयीची पत्रं अलीकडे वाढली आहेत. कुणी ऑनलाइन मागवली, कुणी प्रदर्शनात घेतली, कुणाला माळ्यावर जुनं पातं सापडलं. सगळ्यांना दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: नक्षी खरी आहे का आणि पातं चांगलं आहे का. या दोन्हींचा तपास वेगवेगळा करावा लागतो, कारण नक्षी शंभर टक्के खरी असूनही पातं टाकाऊ निघू शकतं. आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत.

आठ इंची शेफ नाइफ ऑनलाइन मागवली. खोक्यावर ‘६७ लेयर दमास्कस’ छापलंय, पात्यावर लाटांसारखी नक्षी आहे. शेजारचे म्हणतात, ही लेझरने काढलेली आहे. घरच्या घरी ओळखता येईल का?
– वाचक, धरमपेठ

येईल, आणि निम्मं काम नुसत्या नजरेनं होतं. सुरी भरपूर उजेडात धरा आणि आधी पात्याची पाठ बघा, म्हणजे धारेच्या विरुद्धची जाड कड. मग टाच बघा, म्हणजे मुठीजवळ पातं जिथे संपतं ती उभी कड. पातं खरोखर थरांचं असेल तर थर इथे दिसायला हवेत. चिरोटा कापला की कडेला पापुद्रे दिसतात, तशा बारीक समांतर रेघा. लेझरची किंवा छापाची नक्षी फक्त दोन सपाट बाजूंवर असते, कडेवर येईपर्यंत ती संपते. मात्र काही कारागीर पाठ घासून चकचकीत करतात, त्यामुळे पाठीवर रेघा नाहीत एवढ्यावरून निकाल देऊ नका.

मग दोन्ही बाजू ताडून बघा. डावीकडची नक्षी उजवीकडे आरशातल्यासारखी हुबेहूब असेल, किंवा एकच भोवरा दर दोन इंचांवर जसाच्या तसा परत येत असेल, तर तो छाप आहे. शिडीसारख्या पट्ट्यांची किंवा थेंबांची नक्षी खऱ्या पात्यातही ठरावीक अंतरावर येते, पण तिथले कुठलेही दोन थेंब भिंगाखाली सारखे नसतात.

‘६७ लेयर’ या आकड्याचा अर्थही लक्षात घ्या. मधे कडक पोलादाची एक पट्टी आणि तिच्या दोन्ही अंगांना ३३-३३ थर, अशी ती बेरीज असते. मधली पट्टी बऱ्याचदा व्हीजी-१० या जपानी स्टेनलेस पोलादाची असते. त्यात सुमारे १ टक्का कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम असतं, आणि कापायचं काम तीच पट्टी करते. म्हणून अशा सुरीत धारेजवळचे काही मिलिमीटर कोरे असतात आणि नक्षी एका नागमोडी रेघेवर थांबते. तिथे नक्षी नाही हा दोष नव्हे. उलट ‘६७ लेयर’ म्हणणाऱ्या सुरीची नक्षी थेट धारेच्या टोकापर्यंत गेलेली असेल तर संशय घ्या.

ती नागमोडी रेघ दोन्ही बाजूंना धारेपासून साधारण सारख्याच उंचीवर आहे का, हेही बघा. एका बाजूला आठ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला दोन, असं असेल तर मधली पट्टी एका अंगाला सरकली आहे. काही वर्षं धार लावली की त्या बाजूचा मऊ थर धारेवर येतो आणि सुरी टिकेनाशी होते. ग्राहक नक्षी निरखून बघतात आणि नेमकी ही गोष्ट बघायची राहते.

एवढ्यानंही शंका फिटली नाही तर घासून, आम्ल लावून बघायचं. त्याआधी परतीची मुदत तपासा, घासलेली सुरी कुणी परत घेत नाही. मुठीजवळ पाठीच्या बाजूला बोटभर जागा निवडा. ६०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून नक्षी पूर्ण जाईपर्यंत घासा, मग १००० नंबरने, दोन्ही वेळा पात्याच्या लांबीच्या दिशेने. भांड्याच्या साबणाने धुवा, ॲसिटोनने पुसा आणि त्यानंतर त्या जागेला बोट लावू नका. तेलकट जागेवर आम्ल धरत नाही आणि खरं पातंही खोटं ठरतं.

आम्ल म्हणून सर्किट बोर्डासाठी लागणारा फेरिक क्लोराइडचा तयार द्राव वापरा, तो इलेक्ट्रॉनिक्सचं सुटं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो. कोरडी पूड घेऊ नका, ती पाण्यात पडताच खूप तापते. प्लास्टिकच्या वाटीत चार भाग पाणी घ्या आणि त्यात एक भाग द्राव ओता. कापसाचा बोळा भिजवून त्या जागेवर पाच मिनिटं ठेवा, स्टेनलेस पात्याला दहा-पंधरा मिनिटंही लागतात. मग धुवा, ग्लासभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून त्याने पुसा, परत धुवा आणि कोरडं करा. हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. स्टीलच्या सिंकमध्ये हे करू नका, सिंकलाही खड्डे पडतात.

रेघा परत उमटल्या तर पात्यात दोन वेगळी पोलादं आहेत. सगळी जागा एकसारखी राखाडी झाली तर एकदा पुन्हा ॲसिटोनने पुसून करून बघा. तरीही राखाडीच राहिली तर पातं एकाच पोलादाचं आहे. तसं निघालं तरी सुरी कापत असेल तर वापरा, फक्त नक्षीचे म्हणून जास्तीचे पैसे गेले.

हस्तकला प्रदर्शनात एकाकडे २०० थरांचा चाकू होता, दुसऱ्याकडे ५०० थरांचा, आणि दुसऱ्याचा भाव दुप्पट. थर जास्त म्हणजे पातं चांगलं का?
– वाचक, कामठी

नाही. थर मोजणं सोपं आहे आणि वाढवणंही. २५ पट्ट्यांची थप्पी जोडून घेतली, ती ठोकून लांब केली, कापून एकावर एक ठेवून पुन्हा जोडली की ५० थर, आणखी एकदा की १००, मग २००, मग ४००. थर वाढले की नक्षी बारीक होते, एवढाच फरक. फार वाढवले तर ती इतकी बारीक होते की दोन हातांवरून पातं साधं राखाडीच दिसतं.

‘कडक थर कापतो, मऊ थर लवचीकपणा देतो’ हे वाक्य प्रत्येक स्टॉलवर ऐकू येतं. साध्या कार्बन पोलादांच्या बाबतीत ते फारसं खरं नाही. घडीव चाकूंत बहुतेक १०९५ आणि १५एन२० या पोलादांची जोडी वापरतात. पहिल्यात सुमारे ०.९५ टक्के कार्बन, दुसऱ्यात सुमारे ०.७५ टक्के कार्बन आणि २ टक्के निकेल. जोडायच्या उष्णतेला कार्बन एका थरातून दुसऱ्यात पसरतो आणि पातं पूर्ण होईपर्यंत सगळे थर जवळजवळ एकाच कार्बनवर येतात. निकेल मात्र जागचं फारसं हलत नाही. आम्ल लावल्यावर निकेलचा थर उजळ राहतो, दुसरा काळा पडतो, म्हणून नक्षी दिसते. भाव ठरवताना थरांचा आकडा सोडून द्या आणि सांधे बघा. पुढचं उत्तर त्याचंच आहे.

घडीव चाकू घेतला. पात्याच्या मधल्या भागात इंचभर लांबीची काळी रेघ आहे. विकणारा म्हणतो नक्षीचाच भाग. ही फट तर नाही ना?
– वाचक, वर्धा

हा प्रश्न घेतल्या दिवशीच विचारायला हवा. नक्षीदार पात्यात सगळ्यांत जास्त चुकतं ते इथेच.

सांधा कसा बसतो ते आधी समजून घेऊ. पट्ट्यांची थप्पी भट्टीत तापवतात, वर टाकणखार (बोरॅक्स) टाकतात. तो वितळून काचेसारखा पसरतो, हवा आत येऊ देत नाही आणि लोखंडाची खपली विरघळवतो. सुमारे १२०० अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावर घणाखाली थर एकमेकांत बसतात. थप्पी बाहेरून पांढरटपिवळी दिसते पण गाभा तेवढा तापलेला नसतो, आणि लोहार घाई करतो. मग कडा जुळतात आणि मधे थर नुसते एकमेकांवर टेकलेले राहतात. कधी पट्ट्या जोडण्याआधी नीट घासलेल्या नसतात, खपली मधे अडकते. कधी घण मधून कडेकडे मारायच्या ऐवजी कडेकडून मधे मारला जातो, त्यामुळे वितळलेला टाकणखार बाहेर न निघता आत कोंडतो. पिळाच्या नक्षीत धोका आणखी वाढतो. गज तापवून पिळताना कच्चा सांधा उघडतो, आणि नंतर ठोकून वरवर मिटला तरी आत फट राहतेच.

आता तुमची रेघ. स्वच्छ धुऊन कोरड्या केलेल्या पात्यावर शिवणाची सुई रेघेला आडवी, हलक्या हाताने ओढा. आम्लाने झालेल्या नक्षीत एक थर किंचित खाली आणि शेजारचा वर असतो, म्हणून सुई पायरी उतरल्यासारखी सरकते. फटीत ती अडकते, आणि उलट दिशेने ओढली तरी तिथेच अडकते. दहापट भिंगाखाली बघितलं तर नक्षीच्या रेघेला तळ दिसतो, फटीला दिसत नाही.

सर्वांत भरवशाची तपासणी रॉकेल आणि खडूची. रॉकेल नसेल तर डिझेल चालतं. रेघेवर रॉकेल लावून पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या. मग सुती फडक्याने पातं पूर्ण कोरडं पुसा, अगदी हाताला ओल लागणार नाही इतकं. आता फळ्यावरच्या पांढऱ्या खडूची पूड त्यावर पातळ पसरा आणि दहा मिनिटं थांबा. फटीत शिरलेलं रॉकेल खडू ओढून घेतो आणि पांढऱ्यावर ओलसर गडद रेघ उमटते. नुसती नक्षी असेल तर खडू कोरडाच राहतो. नागपूरच्या मे महिन्यात रॉकेल लवकर उडतं, तेव्हा हे सकाळी किंवा पंखा बंद करून करा.

काही विकणारे फट चिकट द्रावाने किंवा मेणाने भरून वर पॉलिश मारतात, मग सुई अडकत नाही. त्यावर उपाय म्हणजे रॉकेलच्या आधी ती जागा ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या बोळ्याने अर्धा तास झाकून ठेवणं. फट भरणारा चिकट द्राव बहुधा त्यात मऊ होतो.

पात्यावर टिचकी मारून आवाज ऐकायची रीत जुनी आहे, पण ती मूठ न बसवलेल्या पात्यालाच लागू पडते. मूठ बसली की चांगलं पातंही बद्द वाजतं.

फट ठरलीच, तर ती कुठे आहे यावर पुढचं ठरवा. धारेपर्यंत पोचलेली किंवा धारेपासून पाच मिलिमीटरच्या आत असलेली फट म्हणजे चाकू परत. धार लावता लावता ती धारेवर येणार आणि तिथला तुकडा उडणार. मुठीच्या तोंडाशी आडवी फट असेल तर वापरूच नका, पातं तिथेच मोडतं आणि हाताला लागतं. पाठीजवळ, लांबीच्या दिशेने अर्ध्या सेंटीमीटरची बारीक फट असेल तर चाकू भाजीला चालेल, पण पाणी आत राहून गंज धरेल, म्हणून भाव कमी करून घ्या. तुमची इंचभर रेघ रॉकेलच्या तपासात फट निघाली तर चाकू ठेवू नका. बनलेल्या पात्यातली फट पुन्हा जोडता येत नाही.

इतवारीत आमचं भांड्यांचं दुकान आहे. नक्षीदार सुऱ्या ठेवायच्या म्हणतो. कडकपणा दुकानातल्या दुकानात कसा तपासायचा?
– वाचक, इतवारी

नवी, चांगल्या कंपनीची बारीक दातांची कानस ठेवा. तुमच्याच भागातल्या लोखंडी सामानाच्या बाजारात, लोहा ओळीत, हवी तशी मिळेल. नव्या कानशीचा कडकपणा रॉकवेलच्या मापात साधारण ६२ ते ६५ असतो, स्वयंपाकघरातली चांगली सुरी ५८ ते ६१ च्या आसपास असते. टाचेजवळ, धारेच्या अगदी शेवटी, कानस हलकी टेकवून एकदा पुढे ढकला. ती घसरून किरकिरली आणि जेमतेम खूण पडली तर ‘पाणी’, म्हणजे तापवून विझवून आणलेला कडकपणा, बरोबर बसलं आहे. कानस लाकडात शिरावी तशी चावली तर पातं मऊ आहे. पाठीवर तपासू नका, पुष्कळ कारागीर पाठ मुद्दाम मऊ ठेवतात. भट्टीत वरच्या कातडीचा कार्बन जळालेला असू शकतो, म्हणून पहिल्या एक-दोन घासांवर भरवसा ठेवू नका.

कडक असणं पुरेसं नाही, ठिसूळ असता कामा नये. त्यासाठी सहा मिलिमीटरचा पितळी गज टेबलावर आडवा घट्ट बसवा. धार लावलेली सुरी त्यावर १५-२० अंशांच्या कोनात टेकवून चांगला जोर द्या, साधारण १५ किलोंचा. वजनकाट्यावर एकदा दाबून बघितलं की हाताला अंदाज येतो. धार गजावर किंचित वाकलेली दिसते आणि जोर काढताच सरळ होते, ते पातं ठेवा. वाकून तशीच राहिली तर मऊ. तुकडे पडले तर पाणी दिल्यावर पुन्हा तापवून ठिसूळपणा काढलेला नाही. १०९५ च्या पात्याला तेलात विझवल्यावर सुमारे २०० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा ठेवावं लागतं. हेच काम कारागीर आधी सोडतात, कारण ते केलं की नाही हे डोळ्यांना दिसत नाही.

दिसतं ते वेगळं. धारेच्या कडेला निळसर झाक असेल तर ग्राइंडरवर धार लावताना ती ३०० अंशांच्या आसपास तापली, तेवढा भाग मऊ झाला. दगडावर एक-दोन मिलिमीटर मागे घेतलं तर खाली चांगलं पोलाद मिळू शकतं, पण ते काम तुम्ही का करायचं? माल परत पाठवा.

एकगठ्ठा माल घेत असाल तर एक सुरी हिंगणा एमआयडीसीत हीट ट्रीटमेंट करणाऱ्या एखाद्या वर्कशॉपमध्ये रॉकवेल यंत्रावर तपासून घ्या. टाचेजवळ बारीक टोचा पडतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. माल पाठवणाऱ्याला लेखी विचारा: कोणती दोन पोलादं, किती अंशांवर पाणी, किती कडकपणा. ‘दमास्कस आहे साहेब’ एवढंच उत्तर देणाऱ्याकडून घेऊ नका. मटण-हाडांसाठी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ही पातळ सुरी देऊच नका, त्याला जाड पाठीचा, साध्या पोलादाचा सुरा द्या.

घरात आजोबांच्या वेळची कट्यार आहे. पात्यावर पाण्याच्या तरंगांसारखी पुसट नक्षी दिसते. हेच दमास्कस का? घासून उजळवू का?
– वाचक, चंद्रपूर

आधी हात थांबवा. वॉटर पेपर, चिंच, लिंबू, ब्रासो, काहीही लावू नका.

जुन्या हिंदुस्थानी पात्यांवरचे तरंग दोन प्रकारचे असू शकतात. एक वर सांगितलेला, थर जोडून केलेला. दुसरा जौहरदार पोलादाचा, ज्याला दक्षिणेत उक्कू म्हणत. त्यात जोडलेले थर नसतात. लोखंड आणि झाडपाला बंद मुशीत घालून दिवसभर तापवत, त्यातून दीड टक्क्याच्या आसपास कार्बन असलेली ढेप निघे, आणि ती कमी उष्णतेवर सावकाश ठोकून पातं करत. तुमच्या भागापासून दक्षिणेला, आताच्या तेलंगणातलं कोनसमुद्रम हे या पोलादाचं नावाजलेलं गाव. इराणी व्यापारी तिथे खरेदीला येत. नक्षी का उमटते याचं उत्तर जॉन व्हर्होवेन या धातुशास्त्रज्ञाने आणि आल्फ्रेड पेंड्रे या लोहाराने मिळून शोधलं, १९९८ साली त्यांनी ते मांडलं. खनिजातल्या व्हॅनेडियमच्या अत्यल्प अंशामुळे पुन्हापुन्हा तापवताना कार्बाइडचे कण ओळींत गोळा होतात. आम्लात कण पांढरे राहतात, बाकीचं काळवंडतं.

भिंगातून बघा. जोडलेल्या पात्यात उजळ आणि काळ्या सलग पट्ट्या दिसतात, त्यांच्या कडा स्पष्ट असतात. जौहरात गडद पार्श्वभूमीवर बारीक पांढरे तुटक धागे असतात, पाठीवरून बाजूवर येताना त्यांची अखंड पट्टी सापडत नाही. हीच उजळ जाळी जौहराची किंमत आहे. ती पृष्ठभागावर फार उथळ असते, घासली की जाते. पुन्हा उमटवणं जाणत्याचं काम आहे. तोवर मऊ फडक्याला वैद्यकीय दुकानातलं लिक्विड पॅराफिन लावून पुसा आणि चामड्याच्या म्यानातून काढून कोरड्या सुती कापडात ठेवा. नागपूरला येणं झालं तर मध्यवर्ती संग्रहालयातली, म्हणजे अजब बंगल्यातली, जुनी हत्यारं नजरेखालून घाला. तुलनेला डोळा तयार होतो.

कार्बन दमास्कसची सुरी. संत्री कापली आणि तासाभरात निळे-काळे डाग. पावसाळ्यात तर लाल ठिपकेही आले. पातं खराब आहे का?
– वाचक, मानेवाडा

पातं खराब नाही, ते स्टेनलेस नाही एवढंच. संत्र्याच्या, कैरीच्या, टोमॅटोच्या आंबट रसाने कार्बन पोलाद निळसर-राखाडी होतं. तो थर राहू द्या, पुढचा गंज तोच थोडा अडवतो. लाल-तपकिरी ठिपका मात्र लगेच काढायचा. खाण्याच्या सोड्याची घट्ट पेस्ट करून बाटलीच्या बुचाने, नक्षीच्या दिशेने घासा. तारेची घासणी लावू नका, नक्षी त्यानेच पुसट होते. ठिपक्याखाली खड्डा राहिला आणि तो धारेवर असेल तर तेवढी धार दगडावर मागे घ्यावी लागेल.

संत्री सोलण्या-कापण्यात सुरी मधेमधे ओल्या फडक्याने पुसा आणि काम संपताच धुऊन कोरडी करा. चिरलेल्या फोडींबरोबर ताटात पडून राहिली की डाग खोल जातो. महिन्यातून एकदा, पावसाळ्यात आठवड्याला, लिक्विड पॅराफिनचे दोन थेंब पुरतात. विदर्भात घरोघरी जवसाचं तेल असतं, तेच पात्याला लावलं जातं. ते वाळून चिकट पापुद्रा धरतं, म्हणून ते सागवानी मुठीला लावा, तिथे ते उत्तम.

नक्षी पुसट झाली असेल तर धरमपेठच्या वाचकांना सांगितलेला फेरिक क्लोराइडचा द्राव, त्याच प्रमाणात, अख्ख्या पात्याला लावता येतो. धारेला आधी नखपॉलिशचा थर द्या, नाहीतर आम्ल धारेत बारीक दाते पाडतं. पाच मिनिटांवर थांबा. नक्षी नखाला खरखरीत लागेपर्यंत ठेवली की त्या खाचांत कांदा-बटाटा अडकतो आणि पुढच्या पावसाळ्यात गंजही तिथूनच सुरू होतो.